काशामामाचा बाण

डहाणूच्या खाडीच्या तोंडाशी आमचा मांगेल्या मच्छीमारांचा पाडा. प्रत्येकाच्या ओट्यावर जाळं पडलेलं असायचं. एकाच ओट्यावर शिलाईचं मशीन होतं. ते काशामामाचं. जातीनं मांगेला, धंद्यानं शिंपी, असा माणूस आमच्या किनाऱ्यावर दुसरा नसावा. गळ्यात टेप, कॉलरच्या आत दोऱ्यासकट टोचलेली सुई, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता खांद्याकडे पाहायची सवय. नवखा माणूस ओशाळायचा. मामा त्याचं माप घेत असायचा, एवढंच.

मी आमच्या पाड्यातला पहिला बी.ए. हे मी लाजत सांगत नाही आणि कुणी लाजावं असं मला वाटतही नाही. आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायची, त्या पैशांवर मी मुंबईला शिकलो आणि परत येऊन डहाणूच्याच शाळेत मास्तर झालो. कॉलेजात जाताना अंगावर चढलेला पहिला शर्ट काशामामानं शिवलेला. तो मला ढगळ झाला. आई भांडायला गेली, तर मामा म्हणाला, "अगं बाय, शिकल्यावर छाती फुगते पोरांची. जागा ठेवलीय."

मांगेल्याचा पोर शिंपी कसा झाला, याची गोष्ट पाड्यात सगळ्यांना पाठ. बापानं लहानपणी होडीवर घातला, तर जाळ्यापर्यंत पोचायच्या आत ओकून ओकून निळा पडला. पुन्हा नेला, पुन्हा तेच. शेवटी आजानं त्याला गावातल्या शिंप्याच्या दुकानात बसवला. "पाण्याला भितंय मांगेल्याचं पोर!" म्हणून बाया हसायच्या, त्या मामा पन्नाशीला आला तरी हसत होत्या. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "पाण्याला माप नाय. ज्याला माप नाय त्याच्याशी आपला धंदा नाय."

माप हा त्याचा धर्मच होता. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, मग समोर कुणी का असेना. एकदा कैनाडहून एक जण भावाच्या लग्नाचा कोट शिवायला आला. म्हणाला, नवऱ्याला हळद लागलीय, त्याला घराबाहेर पाठवता येत नाही, माझंच माप घे, आम्ही सारखेच. मामानं त्याच्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सारखे आहात तर तूच उभा राहा बोहल्यावर." मग स्वतः टेप घेऊन कैनाडला चालत गेला आणि हळदीच्या अंगाचं माप घेऊन आला. त्या टेपेवर पिवळे डाग पडले. ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

सदरे-लेंग्यांपेक्षा त्याचं नाव होतं शिडांसाठी. आमच्या होड्यांना तेव्हा इंजिन नुकतं कुठं येत होतं. बाकी सगळा कारभार वाऱ्यावर. मामाच्या हातचं शीड फाटत नाही, असं लोक म्हणायचे. शीड शिवून झालं की ते ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचं. कैनाडकडच्या बाया सालीचे भारे घेऊन यायच्या, अंगणात मोठी काहील चढायची आणि पाडाभर तुरट वास सुटायचा. साल लावलेलं कापड खाऱ्या वाऱ्यात कुजत नाही. जाळं असो, शीड असो, साल न लावता कापड समुद्राकडे नेणं म्हणजे आमच्यात मीठ न घालता जेवण वाढण्यासारखं.

मामाला एकच मुलगा, नारायण. आम्ही त्याला नारू म्हणायचो. माझ्याहून थोडा लहान. बाप पाण्याला भ्यायचा, ती सगळी कसर नारूनं भरून काढली. मामा ओट्यावर मशीन चालवत बसायचा आणि होड्या परत यायला लागल्या की मान वर करून शिडं बघायचा. "तो बघ, तिसरा. माझं शीड, माझा पोर."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना नवरात्राच्या सुट्टीत घरी आलो होतो. त्याच वेळी वादळ झालं. बाकीच्या होड्या कशाबशा खाडीत शिरल्या. नारूची आली नाही. तिच्यावर तिघं होते आणि शीड मामाच्या हातचं होतं. ते फाटलं की टिकलं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. मला वाटतं, त्याला आतून कुरतडत होतं ते हेच.

दोन दिवसांनी आकाश मोकळं झालं आणि एक विमान आलं. मुंबईच्या कुठल्याशा उड्डाण क्लबाचं, हौशी लोकांचं, पिवळं, दोन माणसांपुरतं. कुणीतरी तिकडे खबर पोचवली होती. सगळा पाडा किनाऱ्यावर धावला. पाण्याची ओढ दक्षिणेची होती. होडी गेली असेल तर दक्षिणेलाच, हे शेंबडं पोरही सांगत होतं. पण विमानाला कोण सांगणार? बाया पदर हलवत होत्या, माणसं दक्षिणेकडे हात करून ओरडत होती, "खाली जा! खालच्या अंगाला!" मामानं अंगातला सदरा काढून दक्षिणेकडे फिरवला. विमानानं एक पंख जरा खाली केला. आम्ही टाटा करतोय असं त्याला वाटलं असावं. आणि ते उत्तरेला, उंबरगावच्या बाजूला निघून गेलं. मामा वाळूवर त्याच्यामागे धावत होता. "अरे तिकडं नाय! तिकडं नाय रे!"

पुढच्या आठवड्यात सातपाटीच्या बाजूला एक फळी लागली. ती आमच्या पाड्यातल्या होडीची आहे हे सगळ्यांनी ओळखलं. मामानं तिच्याकडे बघितलंच नाही.

बाकीच्या दोन घरांनी रीतीप्रमाणे दर्भाचे पुतळे केले, पांढऱ्या कापडात गुंडाळले, अग्नी दिला. मामीही मांजरपाट घेऊन आली. तिचं नाव भिकी. बोलायला कमी, पण एकदा बोलली की मागे न घेणारी. मामानं कापड हातात घेतलं, घडी केली आणि पेटीत ठेवून दिलं.

"अंगाचं माप मिळाल्याबिगर मी कापड फाडत नाय," तो म्हणाला.

"मग कसं करायचं?" मामीनं विचारलं.

"तू थांब."

ती थांबली. एक वर्ष गेलं, मग आणखी गेली. सणावाराला त्या घरात ना गोडधोड ना सुतक. मामी देवापुढे दिवा लावायची, पण सणाच्या दिवशी कुणाच्या घरी जायची नाही. अर्धवट टाचलेल्या कापडासारखं ते घर झालं होतं.

मग तो उन्हाळा आला, ज्यात कच्छच्या रणात गोळीबार सुरू झाला. आमचा किनारा तिथून लांब, पण पाण्याला कुठं लांब असतं? त्याच क्लबातले एक साहेब जीप घेऊन शाळेत आले. फौजेतून निवृत्त झालेले, पुण्याकडचे, मिशीवाले. त्यांनी सभा घेतली. क्लबाची विमानं आता किनाऱ्यावर पहारा करणार होती. जमिनीवरही पहारेकरी हवे होते, बिनपगारी. आकाशावर नजर ठेवायची, परकं विमान किंवा गलबत दिसलं तर स्टेशनातल्या टेलिफोनवरून कळवायचं, आणि आपल्या विमानाला काही सांगायचं असेल तर वाळूवर कापडाचा बाण अंथरायचा. बाण जिकडे, तिकडे विमान वळणार.

मागच्या बाकावर बसलेला काशामामा उठून उभा राहिला. तो नुसता उभाच राहिला. सभा संपली तरी.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. "तू बी.ए. हायस. चल."

"कुठं?"

"साहेब तलासरीला गेलेत. तिकडची सभा आज. माझ्यासाठी बोल त्यांच्याशी."

बस चुकली. निम्मी वाट बैलगाडीनं आणि निम्मी चालत आम्ही तलासरीला पोचलो. उन्हानं टाळू तापलेली, आणि मामा रस्ताभर आकाशाकडे बघत चाललेला. वाटेत एका वारली म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं निघालात? मामा म्हणाला, "देशाच्या कामाला." म्हातारा म्हणाला, "देश पुढं अच्छाडला सरतो. त्याच्यापुढं गुजरात." मामा हसला. त्या वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं ते एवढंच.

साहेब डाकबंगल्याच्या ओसरीवर चहा पीत होते. मी ओळख करून दिली. त्यांनी मामाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वय?"

"बावन्न."

"शिक्षण?"

"चौथी. म्हणजे चौथीत होतो."

"काका, मॅट्रिक हवा. पंचेचाळीसच्या आतला हवा. ही देशाच्या संरक्षणाची गोष्ट आहे, आम्हाला वर उत्तर द्यावं लागतं."

"साहेब, देशात आमचा किनारा धरलाय ना?"

"अर्थात!"

"मग किनाऱ्यावरची माणसं?"

साहेबांनी कप खाली ठेवला. मी इतिहास-भूगोलाचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मामानं माझं मनगट धरलं. ज्यासाठी मला एवढ्या लांब आणलं, ते बोलणं त्यानं स्वतःच केलं. वादळ, होडी, पिवळं विमान, फिरवलेला सदरा. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मला पट्टा नको, बिल्ला नको. मला विमानाशी बोलायचंय. पुन्हा कुणाची होडी राहिली, तर मला त्याला सांगता आलं पाहिजे, बाबा रे, तिकडं नाय, इकडं."

साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ते विमान आमचंच होतं." कप बाजूला सारून म्हणाले, "एक चाचणी घेऊ. बाण तुम्ही शिवा. जाड कापडाचा, खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा. दिशा त्या दिवशी मी तुम्हाला सांगेन, पायलटला सांगणार नाही. त्यानं बाण वाचून विमान वळवलं, तर तुमच्यासाठी मी वर भांडेन."

परत येताना मामा इतका भरभर चालत होता की मला धाप लागली.

पुढचे दिवस पाड्यात दुसरा विषय नव्हता. मामानं घरातलं होतं नव्हतं ते सगळं शिडाचं कापड काढलं. बाण केवढा हवा, हे ठरवायला वाळूवर पावलं टाकली. ओट्यापुढून जाणाऱ्या बाया थट्टा करायच्या.

"मामा, विमानाला चोळी शिवतोस का परकर?"

"उतरू दे खाली. माप घेतो, मग सांगतो."

सोबत त्यानं स्वतःसाठी खाकी शर्टही शिवला. खांद्यावर पट्ट्या, डाव्या दंडावर पट्टा अडकवायला दोन बटणं. तो मशीनच्या वर खिळ्याला टांगलेला असायचा. बाण शिवून झाला, तशी अंगणात काहील चढली. कैनाडची साल आली. पाडाभर तुरट वास सुटला. दोनदा उकळला त्यानं तो बाण, एकदा उकळून त्याचं समाधान झालं नाही. वाळल्यावर कापड गडद लाल-तपकिरी दिसायला लागलं. सगळ्यांनी हात लावून पाहिला. आई म्हणाली, "दहा पावसाळे टिकेल." मीही मान डोलावली.

चाचणीच्या दिवशी ओहोटी होती. किनाऱ्यावर जवळा वाळत पडलेला, तो बायांनी मामासाठी गोळा करून बाजूला घेतला. भर उन्हाचा एक दिवस वाया घालवणं आमच्यात सोपं नसतं, पण कुणी कुरकुरलं नाही. साहेब आले. त्यांनी मामाच्या कानात सांगितलं, "उत्तर." मामानं ओल्या वाळूवर बाण अंथरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि खाकी शर्टाची वरची गुंडी लावून ताठ उभा राहिला.

विमान आलं. तेच पिवळं. डोक्यावरून गेलं, वळलं, परत आलं. खाली आलं, इतकं की वाळू उडाली. मामा दोन्ही हातांनी बाणाकडे दाखवत होता. विमानानं आणखी एक फेरी मारली. मग ते वर चढलं आणि दक्षिणेला, मुंबईच्या वाटेनं निघून गेलं.

"तिकडं नाय!" मामा ओरडला. "तिकडं नाय रे!" आणि धावला. आम्ही हे एकदा पाहिलं होतं. आई तोंडावर पदर धरून खाली बसली.

साहेब स्टेशनात जाऊन टेलिफोन करून परतले. "पायलट म्हणतो, खाली काही नव्हतं."

"नव्हतं? मग हे काय हाय?" मामानं बाणाकडे हात केला.

साहेब दूर, झाडीच्या उंचवट्यावर चढून गेले आणि मामाला वर बोलावलं. मीही मागे गेलो. तिथून खाली पाहिलं. ओली तपकिरी वाळू, आणि तिच्यावर ओला तपकिरी बाण. दगड दिसत होते. बाण दिसत नव्हता.

"काका," साहेब हळू आवाजात म्हणाले, "पांढरं कापड लागतं. मी सांगायला हवं होतं."

मामा बघत राहिला. "साल लावली ना मी," तो म्हणाला. "दोनदा लावली." मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सालीचा रंग अजून नखांत होता.

त्या संध्याकाळी बायांनी जवळा पुन्हा पसरला. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

साहेबांनी वर भांडायचं वचन दिलं होतं ते बाण वाचला गेला तर. चिकूच्या वखारीतल्या एका मॅट्रिक पास कारकुनाची नेमणूक झाली. भला तरुण. तो मामाकडेच खाकी शर्ट शिवायला आला, त्याला काही ठाऊक नव्हतं. मामानं त्याच्या खांद्याकडे पाहिलं, खिळ्यावरचा शर्ट काढला आणि म्हणाला, "शिवायला कशाला पाहिजे? हाच थोडा आत घेतो." कारकुनाचं माप घेतलं, शिवण उसवली, बसवली. दंडावरची बटणं तपासून पाहिली. मजुरी घेतली नाही.

मग भाद्रपदात खरी लढाई पेटली. रात्री दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद, आणि आकाश स्वच्छ असेल त्या दुपारी पिवळं विमान किनाऱ्यावरून उत्तरेला जायचं. टेकाडावर कारकून दुर्बीण घेऊन बसायचा. खोटी खूण करणाऱ्याला तुरुंग, अशी दवंडी पिटली गेली होती.

एका दुपारी शाळेतून येताना मी पाहिलं, मामा ओट्यावर पेटी उघडून बसला होता. मांडीवर ते जुनं मांजरपाट. मामी दारात उभी.

"माप मिळालं?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग?"

त्यानं कात्री घेतली आणि कापड सरळ फाडत नेलं. गळ्यातल्या टेपेला हातही लावला नाही. मामी आत गेली.

पुढच्या ओहोटीला तो किनाऱ्यावर गेला, मीही मागोमाग. अंगात नुसती बंडी. पांढरा बाण त्यानं वाळूवर पसरला, फळी सापडली होती त्या दिशेला, दक्षिणेला. टेकाडावरून कारकून ओरडत खाली धावला. "मामा, उचला ते! मामा, मला कळवावं लागेल!"

विमान दक्षिणेकडून आलं, आमच्यावरून पुढे गेलं. आणि वळलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक पंख खाली करून ते पूर्ण वळलं आणि बाणाच्या टोकासमोर, खालच्या अंगाला गेलं. लांब पाण्यावर त्याच्या घिरट्या दिसत होत्या. मामा तोंड उघडं टाकून बघत होता. कारकुनानं त्याचा दंड धरला, तेही त्याला कळलं नाही.

शिपाई आले. त्याला आणि बाणाला घेऊन गेले. साहेब मुंबईहून येईपर्यंत त्याला चौकीतच बसवून ठेवलं होतं. मी साहेबांबरोबर गेलो. बाकावर तो माप देणाऱ्या गिऱ्हाइकासारखा ताठ बसला होता.

"काका, लढाई चालू आहे," साहेब म्हणाले. "पुन्हा असं केलंत तर मला तुम्हाला सोडवता येणार नाही."

"पुन्हा नाय. वळलं ना, साहेब?"

"वळलं."

"पायलटनं नीट बघितलं?"

"बराच वेळ बघितलं. खाली काही नव्हतं."

"काहीच नव्हतं?"

"नाही, काका."

मामानं मान हलवली. मग उठला. साहेबांनी टेबलावरची बाणाची घडी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली.

घरी आल्यावर तो मामीला एवढंच म्हणाला, "भटजीला सांगून ये."

पुतळा अंगणात केला, काहील चढायची त्या जागी. भटजींनी दर्भ बांधला, डोकं केलं, हात केले. मामा बाणाच्या शिवणी उसवत बसला होता. दात लावून एकेक टाका तोडत होता. कापड मोकळं झालं तसा तो पुतळ्याजवळ आला, गुडघ्यांवर बसला आणि गळ्यातली टेप काढली. खांदा मोजला. पायापासून डोक्यापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. हळदीचे जुने डाग दर्भावरून सरकत गेले.

"भटजी," तो म्हणाला, "नारू एवढा उंच नव्हता. थोडं कमी करा."

भटजींनी दर्भ सोडून पुन्हा बांधला. मामानं पुन्हा माप घेतलं, मान डोलावली, आणि मगच कात्री उचलली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी बदली तलासरीला झाली आणि पाडा सुटला. मामा माझ्या डोळ्यांपुढे येतो तो त्या संध्याकाळचा: किनाऱ्यावर अग्नी देऊन पाण्याच्या कडेकडेनं घरी परतणारा, भरतीचं पाणी पायांवर येत असताना बाजूला न सरणारा. मामी त्याच्या मागून चालत होती. त्याचा गळा मोकळा होता. टेप त्यानं पुतळ्याच्या खांद्यावर तशीच राहू दिली होती.